प्रशियाने १७४० मध्ये सायलेशियावर हल्ला का केला?

सरळ सांगायचं तर, संधी साधली. सायलेशिया हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा प्रांत, आणि प्रशिया हे शेजारचं जर्मन राज्य. ऑक्टोबर १७४० मध्ये हॅब्सबर्ग सम्राट सहावा चार्ल्स वारला आणि गादीवर त्याची २३ वर्षांची मुलगी मारिया थेरेसा आली. मुलीचा वारसा मान्य करू, असं प्रशियाने आधी लिहूनही दिलं होतं. पण नवा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या हाती बापाने जमवलेलं सुमारे ८० हजारांचं कवायती सैन्य आणि भरलेला खजिना होता. डिसेंबरात तो सायलेशियात घुसला. जुने वंशहक्क वगैरे निव्वळ बहाणा. डोळा होता तिथल्या कापडधंद्यावर आणि महसुलावर. गंमत म्हणजे एप्रिल १७४१ मध्ये सायलेशियातल्या मोलविट्झच्या लढाईत डाव फिसकटतोय असं दिसताच, सेनापती श्वेरिनच्या सल्ल्यावरून राजेसाहेब रणांगण सोडून निघून गेले, आणि मागे पायदळाने लढाई जिंकली! युद्ध संपवणाऱ्या १७४८ च्या तहातही सायलेशियाचा बहुतेक भाग प्रशियाकडेच राहिला.