वाचकांच्या सांगण्यावरून लेखकाने कथा बदलावी का?

तुमची कथा भागाभागाने येतेय, आणि वाचक आतापासूनच 'शेवट असा करू नका' म्हणू लागलेत. ऐकावं का, हा तुमचा प्रश्न. मीही क्रमशः लिहिते. माझ्यापुरता निकष असा: वाचकाला दुःख झालं, राग आला म्हणून कथा बदलायची नाही. तेवढ्यासाठी तर लिहितो आपण. कथेमुळे कुणाचं नुकसान होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

या दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं आहे. त्याची 'डेव्हिड कॉपरफील्ड' ही कादंबरी १८४९-५० मध्ये दरमहा एक भाग अशी प्रसिद्ध होत होती. त्यात मिस माउचर नावाची ठेंगणी, चटपटीत आणि जराशी संशयास्पद बाई येते. डिकन्सच्या शेजारी राहणाऱ्या, पायांवर उपचार करणाऱ्या एका बाईंनी त्यात स्वतःला ओळखलं. त्यांनी पत्र लिहिलं, की शरीराचं दुःख भोगतेच आहे, आता ही बदनामी कशाला? डिकन्सने माफी मागितली. पुढच्या भागांत मिस माउचर परत आली ती प्रेमळ आणि सज्जन होऊन, आणि शरीराच्या व्यंगावरून माणसाला जोखू नका असं जवळजवळ भाषणच देऊन जाते. कलेच्या दृष्टीने हा बदल फारसा जमलेला नाही, सांधा उघडा दिसतो. तरी मला तो निर्णय बरोबर वाटतो. एका पात्राच्या सुसंगतीसाठी एका जिवंत बाईचं जगणं अवघड करायचं नसतं.

याउलट शेरलॉक होम्स या गुप्तहेराचा लेखक कॉनन डॉइल. १८९३ मध्ये त्याने होम्सला कथेत मारलं आणि वाचक खवळले. तो मात्र वर्षानुवर्षं बधला नाही. १९०१ मध्ये होम्स परतला, पण मृत्यूच्या आधी घडलेल्या कथेत. खरोखर जिवंत झाला तो १९०३ मध्ये, अमेरिकेतून घसघशीत मोबदल्याचा प्रस्ताव आल्यावर. म्हणजे 'वाचकांनी होम्सला परत आणलं' हे अर्धंच खरं!

लोकांचं ऐकून नुकसानच होतं असंही नाही. १९८७ च्या 'फेटल अट्रॅक्शन' या सिनेमात आधी विवाहित नायकाशी संबंध आलेली स्त्री आत्महत्या करते आणि खुनाचा आळ नायकावर येतो, असा शेवट होता. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळांतल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. नवा शेवट चित्रित झाला, त्यात नायकाची बायको तिला गोळी घालते. सिनेमा तुफान चालला. पण विवाहबाह्य संबंधाची किंमत पुरुषालाही मोजावी लागते, ही धार गेली आणि उरली एका वेड्या बाईपासून सुटका. निर्मात्यांना हेच हवं असेल तर ठीक. तुम्हालाही तेच हवं आहे का, हे तुम्हीच ठरवायचं.

आणखी एक. प्रतिक्रिया लिहिणारे थोडे असतात, आणि कथा आवडेनाशी झालेला वाचक सहसा काही न बोलता निघून जातो. म्हणून आलेल्या प्रतिक्रियांची मतमोजणी करत बसू नका. मी पुढचा भाग दोघातिघांना आधी वाचायला देते, आणि 'कसा वाटला' हे विचारतच नाही, कारण त्यावर सगळे 'छान' म्हणतात. 'कुठे थांबलात, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं' हे विचारते. त्याची उत्तरं उपयोगी पडतात, आणि त्यांवरून मी बिनदिक्कत बदल करते.

तुमच्या बाबतीत आधी एवढं तपासा: 'शेवट असा नको' हा सूर कोणत्या भागापासून सुरू झाला? शेवटाची चाहूल लागल्यावर सुरू झाला असेल, तर कथा लोकांना भिडते आहे, लिहीत राहा. त्याच्या बऱ्याच आधीपासून कुरकुर असेल, तर तुमची नायिका शेवटी जो निर्णय घेते तो का घेते, हे त्यांना पटलेलं नाही. तेव्हा शेवट तसाच ठेवा. दुरुस्ती त्या आधीच्या भागांत हवी आहे, आणि ते प्रसिद्ध झाले असतील तर पुढच्या भागात तिच्या मनात काय चाललंय ते दाखवायला अजून जागा आहे.