माझी ओपन सोर्स लायब्ररी बऱ्याच कंपन्या वापरतात, पण देणगी कोणीच देत नाही. प्रकल्प चालू ठेवायचा तर गिटहब स्पॉन्सर्स बरं की ओपन कलेक्टिव्ह?

तुम्ही तपशिलात लिहिलंय की रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीपानावर) देणगीचं बटण लावून वर्ष होत आलं, डाउनलोडचा आकडा चढतोच आहे आणि बटणातून जे आलं त्यात डोमेनसुद्धा रिन्यू होत नाही. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, "कंपन्यांकडे पैसे मागणं ओपन सोर्सच्या तत्त्वात बसतं का?" मी लिहायला बसलो तो या शेवटच्या ओळीमुळे. पैसे जमवायच्या या दोन प्लॅटफॉर्मपैकी कोणता, याचं उत्तर फार मोठं नाही, ते खाली येईलच.

आधी तत्त्वाचं बघू. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये जीएनयू ईमॅक्स या एडिटरच्या टेप १५० डॉलरला विकत होते. विकायला बंदी जीपीएल या लायसन्समध्ये नाही, एमआयटीत नाही, अपाचेतही नाही. तेव्हा तत्त्वाचं नाव घेऊन तुम्हाला कोणी गप्प करत असेल तर त्याला एकदा लायसन्स वाचायला सांगा. माझ्याही वाट्याला असा एक जण आला होता.

मी एक पायथन लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, सांभाळतो. एका जुन्या, किचकट फाइल फॉरमॅटमधून डेटा वाचून द्यायचा, एवढंच तिचं काम. तिचं नाव कोणाला माहीत नसतं, पण एका लोकप्रिय पॅकेजची ती डिपेंडन्सी आहे, म्हणजे ते तिच्याशिवाय चालत नाही, त्यामुळे नको नको तिथे जाऊन बसली आहे. तेव्हा आम्ही दोघं मेंटेनर होतो. दुसरा माझ्याहून हुशार, त्याचा कोड माझ्याहून नेटका. प्रत्यक्षात आम्ही कधीच भेटलो नाही, पण वर्षानुवर्षं एकमेकांच्या पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) वाचल्या की माणूस कळतो.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफॉरजे या जावाच्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघड झालं. ते सांभाळणारे स्वयंसेवकच. रात्री जागून पॅच काढत होते आणि वर लोकांच्या शिव्या खात होते. त्यानंतर कंपन्यांना एकदम जाग आली आणि आपण काय काय वापरतो याच्या याद्या निघायला लागल्या. अशाच एका यादीत आमचं नाव निघालं. एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडर रिस्क, म्हणजे पुरवठादारांची जोखीम तपासणाऱ्या, विभागातून मेल आला. विषयात 'तातडीचे', सोबत एक्सेल, आणि पिवळे रकाने भरणं बंधनकारक.

ती एक्सेल मी अजून जपून ठेवली आहे. तुमच्या डेटा सेंटरच्या प्रवेशद्वारावर चोवीस तास पहारा असतो का? नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं ओळखपत्र किती तासांत रद्द होतं? आपत्ती आली तर पर्यायी कार्यालय कुठे? उत्तरासाठी ड्रॉपडाउनमध्ये तीनच पर्याय: हो, नाही, अंशतः. आमचं डेटा सेंटर म्हणजे माझा लॅपटॉप. त्याच्यावर पहारा अंशतः होता असं म्हणता येईल. लॉगफॉरजेची कोणती आवृत्ती वापरता हा प्रश्न अर्थातच होता. लायब्ररीत जावाची एक ओळ नाही, पण 'लागू नाही' हा पर्याय द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. तळाशी लिहिलं होतं की मुदतीत माहिती न दिल्यास आमचा 'मान्यताप्राप्त पुरवठादार' हा दर्जा काढून घेण्यात येईल. जो दर्जा आम्हाला कोणी कधी दिलाच नव्हता तो!

माझा जोडीदार म्हणाला, वापरकर्ते आहेत, घाबरलेत, भरून देऊ या. शनिवार-रविवारी बसून पहिली शीट त्याने जवळजवळ भरलीही. मी म्हटलं, थांब. कर्ल या ओपन सोर्स साधनाच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांना जानेवारी २०२२ मध्ये असंच पत्र आलं होतं, चोवीस तासांत उत्तर द्या म्हणून. सपोर्ट करार करा, सगळी उत्तरं आनंदाने देतो, असं त्यांनी कळवलं होतं. ते वाचून मला धीर आला होता. मीही तसंच लिहिलं: आम्ही तुमचे पुरवठादार नाही, लायब्ररी 'जशी आहे तशी' मिळते, पण तुम्हाला पुरवठादार हवाच असेल तर वार्षिक सपोर्ट कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. रक्कम लिहिली. माझ्या मते ती कमीच होती.

जोडीदार या प्रकाराला खंडणी म्हणाला. "लोक अडचणीत असताना तू हात पुढे करतोस," असं त्याने खासगीत नाही, प्रकल्पाच्या चॅनेलवर सगळ्यांसमोर लिहिलं. तिथून आमचं बिनसलं ते बिनसलंच.

आता पुढे काय झालं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. कंपनीतून बरेच दिवस काही नाही. मग मेल एका विभागातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला असावा, कारण एके दिवशी परचेसमधल्या एका बाईंचा दोन ओळींचा मेल आला. नोंदणीकृत नाव, बँकेचा तपशील आणि कराचा फॉर्म पाठवा, परचेस ऑर्डर काढते. बस. तत्त्व, समाज, देणं, ऋण यातलं काही नाही. त्यांच्या दृष्टीने एक पुरवठादार होता, त्याचं कोटेशन होतं आणि कोटेशन मर्यादेच्या आत होतं.

कंपन्या कंजूष असतात हा गैरसमज आहे. देणगी कोणत्या खात्यात टाकायची हेच त्यांना माहीत नसतं. तुमची लायब्ररी वापरणारा इंजिनिअर भला असतो, इश्यूत (प्रकल्पाच्या तक्रार-नोंदीत) आभारही मानतो, पण त्याच्या सहीने कंपनीचा पैसा हलत नाही. ज्याच्या सहीने हलतो त्याने तुमच्या लायब्ररीचं नाव ऐकलेलं नाही. त्याला इनव्हॉइस कळतं, नूतनीकरणाची तारीख कळते. बटण कळत नाही. आणि एकदा का तुम्ही त्यांच्या व्हेंडर यादीत शिरलात की काढून टाकणं हेच जास्त कटकटीचं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी करार आपोआप पुढे सरकतो. आमचा सरकला.

एक जागा मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. त्यांच्या वकिलांनी आमचा मसुदा बाजूला ठेवून स्वतःचा पाठवला, त्यात आतल्या पानांवर नुकसानभरपाईचं कलम होतं: लायब्ररीतल्या चुकीमुळे कंपनीचं जे काही नुकसान होईल ते आम्ही भरून द्यायचं, मर्यादा नाही. लायसन्समध्ये मोठ्या अक्षरांत जी जबाबदारी आपण झटकलेली असते ती अशा कलमातून मागच्या दाराने आत येते. मी ते कलम खोडलं आणि जबाबदारी कराराच्या रकमेपुरती, असं लिहिलं. प्रतिसादाच्या वेळेबद्दल इतकंच मान्य केलं की दोन कामाच्या दिवसांत पोच मिळेल. दुरुस्ती कधी होईल याचं वचन दिलं नाही. कोणी काही बोललं नाही. खोडतात हे वकिलांना माहीत असतं, न खोडणारा सापडतो का एवढंच ते बघतात.

आता खंडणीवाल्या मुद्द्याकडे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीचं उदाहरण कोणालाही पाठ असतं, पण अर्धंच. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातलं हार्टब्लीड नावाचं भोक उघड झालं तेव्हा निम्मं इंटरनेट ज्याच्यावर उभं त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. पुढचा अर्धा भाग कोणी सांगत नाही: तो प्रकल्प तोवर तगला होता तो सपोर्ट आणि कंत्राटी कामांच्या पैशांवर. जगभर गाजावाजा झाल्यावर देणग्यांचा ओघ आला तो पाच-दहा डॉलरच्या नोटांचा, आठवड्याभरात साधारण ९,००० डॉलर. दात कोरून पोट भरत नाही. मोठा पैसा आला तो लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांना एकत्र बसवल्यावर.

आणि पैसे न मागता सज्जनपणे करत राहिलं तर काय होतं ते एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाने दाखवलं. लास्से कॉलिन तो प्रकल्प वर्षानुवर्षं एकटे, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही अनोळखी नावं उगवली, काम मागे पडतंय, दुसऱ्याला द्या म्हणून टोचायला लागली. हा फुकटचा छंद आहे हे लक्षात घ्या, असं त्यांनी सांगून पाहिलं. मदतीला तयारच असलेल्या 'जिया टॅन'च्या हातात हळूहळू चाव्या गेल्या, आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (परक्याला गुपचूप आत घेणारा कोड) बसलं. २९ मार्च २०२४ ला ते बाहेर आलं तेही योगायोगाने: आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं. माझ्या जुन्या जोडीदाराने तेव्हा कुठेतरी लिहिलं की मेंटेनरांना भावनिक आधार द्यायला हवा. हो, द्यायला हवाच. पण फुकटात दमलेला माणूस कोणाच्याही हाती चाव्या देतो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजचं तेच झालं. आधार द्या आणि वर इनव्हॉइसही भरा.

माझ्या जोडीदाराचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. एकाला पगार आणि बाकीचे फुकट, असं झालं की फुकट करणाऱ्यांचा हात आखडतो, हे मी माझ्या प्रकल्पात पाहिलंय. करार झाला त्या वर्षी बाहेरून येणाऱ्या पुल रिक्वेस्ट रोडावल्या. पैसे देणाऱ्याचा इश्यू वर सरकतो, हेही खरं. म्हणून पैसा कुठून आला, कोणाला किती गेला, हे रिपॉझिटरीत (कोड ठेवतो त्या जागी) उघड लिहून ठेवा. आम्ही लिहिलं. त्याला आम्ही अर्धा वाटा देऊ केला होता, तो त्याने नाकारला आणि प्रकल्प सोडला. नाकारणं त्याचा हक्क होता. पण मग जाताना "प्रकल्प कंपनीला विकला" असं लिहून जाणं हे मला मान्य नाही. लायसन्स तेच आहे, कोड तिथेच आहे, आणि रिलीज वेळेवर निघतात, जे आधी निघत नव्हते.

तुम्ही चिडून एक करू नका: लायसन्स बदलू नका. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये ओपन सोर्स लायसन्स सोडलं, त्याच महिन्यात व्हॅल्की नावाचा फोर्क (तोच कोड घेऊन काढलेला वेगळा प्रकल्प) उभा राहिला आणि मोठ्या क्लाउड कंपन्या तिकडे गेल्या. २०२५ मध्ये रेडिस एजीपीएल हे लायसन्स घेऊन परत ओपन सोर्समध्ये आलं. त्यांच्यामागे कंपनी होती म्हणून निभावलं. एकट्या मेंटेनरला फोर्क झाला की संपलं. आणि जानेवारी २०२२ मध्ये कलर्स आणि फेकर या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या लेखकाने रागाने स्वतःचीच पॅकेजं बिघडवली, तसलं तर मुळीच करू नका. शिक्षा कंपन्यांना होत नाही, रात्री बिल्ड (सॉफ्टवेअरची बांधणी) दुरुस्त करणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्याला होते.

सपोर्ट करार सगळ्यांना जमेल असं नाही, हे उशिरा सांगतोय पण सांगायला हवं. तुमची लायब्ररी बिघडली तर कोणाचं काम अडतं का, हा पहिला प्रश्न. अकरा ओळींच्या लेफ्ट-पॅड या पॅकेजने मार्च २०१६ मध्ये जगभरचे बिल्ड पाडले, पण अकरा ओळींसाठी परचेस ऑर्डर कोणी काढणार नाही, दुसरं पॅकेज घेतील. अशा छोट्या पण पायाभूत प्रकल्पांना फंडच बरे. जर्मनीचा सॉव्हरिन टेक फंड २०२२ पासून मुळाशी असलेल्या प्रकल्पांना पैसे देतो. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस/फंड काढला, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर. त्यासाठी रिपॉझिटरीत एक फंडिंग.जेसन फाइल ठेवावी लागते, अर्ध्या तासाचं काम आहे, मिळो न मिळो ठेवून द्या. ओपन सोर्स प्लेज ही प्रतिज्ञा घेतलेल्या कंपन्या वर्षाला दर डेव्हलपरमागे किमान २,००० डॉलर देण्याचं कबूल करतात. त्या यादीतली कोणती कंपनी तुमची लायब्ररी वापरते ते शोधा आणि थेट लिहा. त्यांना निदान खातं माहीत असतं.

तर तुमचा मूळ प्रश्न. एकटेच मेंटेनर असाल तर गिटहब स्पॉन्सर्स, पैसे थेट तुमच्या खात्यात येतात. दोघं-तिघं असाल तर ओपन कलेक्टिव्हवर ओपन सोर्स कलेक्टिव्ह या संस्थेच्या छताखाली जा. ते दहा टक्के कापतात, पण जमाखर्च सगळ्यांना दिसतो आणि कंपनीला इनव्हॉइस त्यांच्या नावाने जातं, म्हणजे तुमच्या वैयक्तिक खात्याचा प्रश्न उरत नाही. दोन्हीही लावलीत तरी बिघडत नाही. फक्त रीडमीत बटणाच्या वर एक ओळ टाका: "कंपन्यांसाठी सपोर्ट करार उपलब्ध", खाली ईमेल. आणि परदेशातून पैसे येणार असतील तर पहिलं इनव्हॉइस पाठवायच्या आधी कर सल्लागाराला गाठा, नंतर नव्हे.