डबा गाडीत नको

चि. मुलीस,

"ताई, दहा दिवस झाले, पेशंट सोडून कोणाशी बोलले नाही," हा तुझा मेसेज वाचला आणि मला अमेरिकेतल्या ओमाहा शहरातलं ते पार्किंग आठवलं. ट्रॅव्हल नर्स म्हणून, म्हणजे काही आठवड्यांच्या करारावर गावोगाव काम करणारी नर्स म्हणून, माझी पहिलीच असाइनमेंट, 13 आठवड्यांची, नाईट ड्यूटी, महिना जानेवारी. पहिले तीन आठवडे मी अर्ध्या तासाचा ब्रेक गाडीत काढला. हीटर चालू, मांडीवर डबा, काचा आतून धुरकटलेल्या. ब्रेकरूममध्ये मी गेले की लोक खुर्ची सरकवून जागा द्यायचे आणि आपल्या गप्पा पुढे चालू ठेवायचे. वाईट कोणीच नव्हतं. तीन महिन्यांत जाणारीचं नाव कशाला लक्षात ठेवा, इतकंच.

माझ्या भिडेची झळ मात्र एका आजोबांना बसली. कॅथेटर काढून सात तास झाले, लघवी नाही, पोट फुगलेलं. मूत्राशयात किती लघवी साठली ते दाखवणारा ब्लॅडर स्कॅनर कुठे ठेवतात हे विचारायची लाज वाटली म्हणून मी वीस मिनिटं कपाटं उघडत फिरले. शेवटी सीएनएनेच (नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाने) विचारलं, काय शोधतेस? स्कॅनर लिनेनच्या ट्रॉलीमागे होता. आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. इथे भीक दुसऱ्यालाच मागावी लागली.

तू बडबडी हो, असं मी सांगणार नाही. मीही झाले नाही. पण एक बघ, पेशंटच्या खोलीत लाजतेस का? अनोळखी माणसाला पहिल्या दोन मिनिटांत "शौचाला झाली का" विचारतेस, कारण हातात काम असतं. मग बाहेरही कामाचंच बोट धर. ट्रॅव्हलरला ओरिएंटेशन जेमतेम एक-दोन शिफ्टचं, त्यामुळे तू विचारलंस तर कोणाला नवल वाटणार नाही. सप्लाय रूमचा कोड विचार. रात्री कोणत्या डॉक्टरला फोन करायला सगळे टरकतात, तेही विचार. (या प्रश्नावर हमखास कोणीतरी खुर्ची ओढून बसतं.) सीएनए, युनिट क्लार्क, फरशी पुसणारे यांची नावं आधी पाठ कर. आपल्याकडे वॉर्डात मामा-मावशी म्हटलं की भागायचं, इथे नावच लागतं.

खरा एकटेपणा सुट्टीत गाठतो. आठवड्याचे 36 तास, म्हणजे 12-12 तासांच्या तीन शिफ्ट, सलग लावून घेऊ नकोस. सलग मागतात ते घरी जाणारे. तुला उरलेले चार दिवस भाड्याच्या खोलीत भिंतीकडे बघत काढायचे आहेत. दोन आणि एक अशा तोडून माग.

घरच्या फोनचं जपून कर. तुझ्या तिथे आत्ता सेंट्रल टाइम, घड्याळं उन्हाळ्याची. नाईट संपवून सकाळी आठला खोलीवर येतेस तेव्हा सांगलीत साडेसहा, आई दिवा लावत असते. ती वीस मिनिटं सोडू नकोस. मी मात्र सुट्टीभर व्हिडिओ कॉल चालू ठेवून कणीक मळायचे, झोपायचेसुद्धा. गाव ओमाहा आणि जीव सांगलीत; ओमाहात मग कोण भेटणार?

जवळ महाराष्ट्र मंडळ असेल तर गणपतीला जा, पण हॉलमध्ये नटून बसू नकोस, सरळ वाढायला उभी राहा. हातात वरणाचं भांडं असलं की लोक आपणहून बोलतात.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, उठावंसंच वाटेना, असं दोन आठवडे चाललं तर ते लाजरेपण नव्हे. डॉक्टर गाठ. एखाद्या रात्री नको ते विचार आले तर 988 ला, म्हणजे अमेरिकेतल्या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनला, फोन लाव, बोलवत नसेल तर मेसेज कर. तिथे रात्रीही कोणीतरी असतं.

सोमवारी ड्यूटी आहे ना? डबा आत ने. पोह्यांच्या वासाची काळजी नको, मायक्रोवेव्हमध्ये त्याआधी कोणीतरी मासे गरम केलेलेच असतात. डब्याचा फोटो मला नको. टेबलाशी कोण कोण होतं, त्यांची नावं कळव.

तुझी,
ताई