एकट्या बाईने तासभर डायरी बोलायची, यात नाटक कुठंय?

तुम्ही विचारलंय की एटी हिलेसम या डच ज्यू तरुणीच्या डायरीवरचं ते इंग्रजी एकपात्री अ‍ॅन फ्रँकसारखंच आहे का, आणि एकच बाई तासभर डायरी बोलत राहिली तर बोअर होत नाही का. दुसरा प्रश्न जास्त आवडला, कारण त्यात मी स्वतः आपटलेय.

पहिलं पटकन सांगते. दोघी ज्यू, दोघींच्या डायऱ्या अ‍ॅम्स्टरडॅममधल्या, साम्य बहुतेक तिथंच संपतं. अ‍ॅन १३ वर्षांची, नाझींपासून लपून बसलेली. एटीने मार्च १९४१ मध्ये वही उघडली तेव्हा ती २७ ची, लॉ झालेलं, रशियन शिकवायची, ज्या विधुराच्या घरात राहायची त्याच्याशी संबंध, आणि वर युलियस श्पीअर नावाचा हात बघून मानसोपचार करणारा वयाने दुप्पट माणूस, त्याच्यात जीव अडकलेला. डायरी लिही हे त्यानेच सुचवलेलं. मित्र लपवायला तयार होते तरी ही लपली नाही.

नाटकाचं नावही ‘एटी’च, करते सुझन स्टाइन ही अमेरिकन अभिनेत्री, दिग्दर्शन ऑस्टिन पेंडलटनचं, आणि शब्द सगळे एटीचेच. आपल्याला एकपात्री म्हटलं की ‘वऱ्हाड’ आठवतं, एक माणूस ५२ जणांना उभं करतो, लोक हसून लोळतात. इथे ती सोय नाही. एकच बाई, तीही स्वतःशीच भांडतेय.

आता माझं आपटणं. आमच्या नाटकाच्या ग्रुपने एकदा या डायरीतल्या निवडक पानांचं अर्ध्या तासाचं वाचन बसवलं, मराठी मीच केलेलं. वाचणारी मुलगी चांगली होती पण पहिल्या ओळीपासून तिचा गळा दाटलेला, कारण पुढे ऑशविट्झ, नाझींची मृत्युछावणी आहे हे तिला माहीत होतं ना! दहाव्या मिनिटाला लोक मोबाईल बघायला लागले. चूक तिची नव्हती, निवड माझी होती, मी सगळी सुविचारासारखी वाक्यं उचललेली आणि डोकेदुखी, अ‍ॅस्पिरिन, आईचा वैताग, श्पीअरच्या बाबतीतला जळफळाट असलं सगळं कापून टाकलेलं. अहो पण नाटक तिथंच होतं. लिहिणारीला शेवट माहीत नाहीये आणि समोर बसलेल्यांना माहीत आहे, हाच तर ताण, तो आपणच घालवला तर उरलं काय, श्रद्धांजली सभा.

एक जागा सांगते. देवाबिवाशी फार संबंध नसलेली ही मुलगी घरातल्या पसारा झालेल्या बाथरूममध्ये काथ्याच्या खरखरीत चटईवर गुडघे टेकायला शिकते, आणि हे लिहायची तिला लाज वाटते, बिछान्यातल्या गोष्टी लिहिताना वाटत नाही तेवढी. मी कोकणातली, काथ्या गुडघ्याला कसा टोचतो ते मला कोणी सांगायला नको. स्टेजवर एवढी एक चटई पुरे.

दुसरी जागा वेस्टरबोर्क कॅम्पची, म्हणजे हॉलंडमधल्या ज्यूंना आधी डांबून ठेवायचे ती छावणी, एटीही तिथे होती. तिथून साधारण दर मंगळवारी पूर्वेकडे, ऑशविट्झसारख्या छावण्यांकडे गाडी सुटायची, लाखावर माणसं गेली, परतली जेमतेम ५ हजार. आणि त्याच कॅम्पात कैद्यांचा कॅबरे चालायचा, बर्लिनचे नावाजलेले ज्यू कलाकार त्यात, आणि कमांडंट गेमेकर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार! २४ ऑगस्ट १९४३ च्या पत्रात एटीने गाडी सुटण्याआधीची रात्र लिहिलीये, तान्ही बाळं, बायका, भरलेली गाठोडी, ते पत्र डच भूमिगतांनी त्याच वर्षी चोरून छापलं. ते मोठ्याने वाचून बघा, अभिनय करावा लागत नाही, फक्त श्वास कुठे घ्यायचा ते ठरवावं लागतं.

७ सप्टेंबरला ती, आईवडील आणि भाऊ मिशा अशाच एका गाडीत होते. तिने मालडब्यातून एक कार्ड बाहेर टाकलं, शेतकऱ्यांना सापडलं, त्यांनी पोस्टात टाकलं. गात गात कॅम्प सोडला असं त्यात आहे. नोव्हेंबरअखेर ऑशविट्झमध्ये तिचा मृत्यू झाला, वह्या छापून आल्या थेट १९८१ ला.

बोअर होतं का, तर त्या कार्डाकडे डोळे लावून पहिल्या पानापासून केलं तर होतं, आमचं झालं. दुसऱ्या वेळी त्याच मुलीला म्हटलं तू फक्त आजचं पान वाच, श्पीअरवर चिडलेली आहेस, डोकं ठणकतंय, बस. लोक चक्क हसले. तुम्ही मराठीत करणार असाल तर ती अ‍ॅस्पिरिनवाली पानं कापू नका.