लिंबू पिळलं, पण दगड फसफसला नाही

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मसुरीला गेलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, ‘हा डोंगर चुन्याचा, इथे पूर्वी समुद्र होता.’ घाटात गाडी थांबवली तेव्हा मुलीने एक करडा दगड उचलला. चुनखडीवर आम्ल टाकलं की फसफसतं, असं तिच्या पुस्तकात आहे; म्हणून घरी लिंबू पिळलं. ढिम्म! ड्रायव्हरने थाप मारली का? आणि त्या डोंगरावर पांढरे ओरखडे कसले? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ड्रायव्हर खरं बोलला. तुमच्यासारखा मीही फसलोय. कॉलेजच्या सहलीत त्याच घाटात खडकावर आम्ल टाकलं, बुडबुडा आला नाही, आणि मी ऐटीत वहीत लिहिलं, ‘चुनखडक नाही’. सरांनी काही न बोलता चाकूने तो खडक खरवडला आणि त्या भुकटीवर थेंब सोडला. भुकटी फसफसली!

मसुरीच्या धारेत साध्या चुनखडकापेक्षा डोलोमाइट जास्त. म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद, पण अंगात मॅग्नेशियम असलेला, आणि आम्लाला दाद द्यायला आळशी. लेकीला सांगा, दगडाच्या एका कोपऱ्याची खलबत्त्यात भुकटी कर, लिंबाचा रस कोमट कर आणि भिंगातून बघ. घाई नको. बुडबुडे बारीक येतील.

मसुरीच्या या खडकांच्या थरांना ‘क्रोल’ म्हणतात. हे नाव हिमाचल प्रदेशातल्या सोलनजवळच्या एका डोंगरावरून पडलं. उथळ समुद्रात ते साचले त्याला 54 कोटींहून जास्त वर्षं झाली. तुमच्या नाशिकचा काळा कातळ लाव्ह्याचा, वय साधारण 6.6 कोटी. आपल्याकडे थर चळतीसारखे आडवे. तिथे हिमालय उचलला जाताना ते होडीच्या तळासारखे वाकले. त्यातही गंमत पायथ्याशी, राजपूरच्या बाजूला आहे. तिथे जुने खडक सरकत येऊन शिवालिकच्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांच्या, कितीतरी नव्या खडकांवर चढलेत. नातवाच्या खांद्यावर आजोबा!

देहरादूनजवळच्या सहस्रधारेला गेला असाल तर कपारींतून ठिबकणारं पाणी पाहिलं असेल. पावसाचं पाणी भेगांतून मुरताना चुना विरघळवतं आणि बाहेर आल्यावर तोच पुन्हा दगडावर चढवतं. गीझरच्या कॉइलवर साठतो ना, तसाच तो थर.

पांढरे ओरखडे म्हणजे जुन्या खाणी. सुरुंग लावून डोंगर सोलला, झाडोरा गेला, झरे आटले आणि राडारोडा ओढ्यांत आला. देहरादूनच्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 1985 मध्ये न्यायालयाने बऱ्याच खाणी बंद करायला लावल्या. उघड्या पडलेल्या उतारांवर प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीने झाडं लावली, म्हणून काही ओरखडे आता जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. तुम्हाला दिसले ते अजून न भरलेले.

भुकटीचं काय झालं ते मात्र लेकीलाच लिहायला सांगा.