होमस्टेडसाठी पैसे मागणारं पत्र आलंय, भरू का?

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही डॅलसजवळ घर घेतलं. आता एक पत्र आलंय, दिसायला अगदी सरकारी, की फी भरा, होमस्टेड फाइल करून देतो. मैत्रीण म्हणते ते केलं की घर कोणीच काढून घेऊ शकत नाही. मिस्टरांचा छोटा बिझनेस आहे म्हणून काळजी वाटते.

उत्तर : ताई, एक डॉलरही भरू नका. होमस्टेड फाइल करणं म्हणजे स्वतःच्या राहत्या घरावर प्रॉपर्टी टॅक्सची सवलत मागणं, आणि टेक्ससमध्ये त्याचा फॉर्म फुकट भरता येतो, नंबर ५०-११४, तुमच्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणारं ऑफिस), आणि बहुतेक ठिकाणी ऑनलाइनच होतं. फक्त ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता नव्या घराचा हवा, तो आधी बदलून घ्या कारण अर्ज बरेचदा तिथेच अडकतो. मुदत ३० एप्रिल, पण ती चुकली तरी उशिरा अर्ज करता येतो, हातपाय गाळू नका. २०२५ पासून शाळेच्या टॅक्ससाठी (प्रॉपर्टी टॅक्सचा शाळांना जाणारा भाग) घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात, म्हणजे ४ लाखांचं घर असेल तर शाळेचा टॅक्स २,६०,००० वरच. शिवाय पुढच्या वर्षापासून टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि मला विचाराल तर खरा फायदा हाच.

आता मैत्रिणीचं म्हणणं. घराचं संरक्षण ही वेगळी गोष्ट आहे, ते राज्याच्या घटनेतच आहे आणि तुम्ही त्या घरात राहताय म्हणून आपोआप मिळतं, टॅक्सच्या फॉर्मवर अवलंबून नाही. बिझनेस बुडाला, क्रेडिट कार्डाचं देणं थकलं, तरी त्यासाठी घर विकायला लावता येत नाही. पण "कोणीच" हे चूक! मॉर्गेज थकलं, प्रॉपर्टी टॅक्स थकला, एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, वर्गणी थकली तर घर जाऊ शकतं. आणि ताई, मिस्टरांनी बिझनेससाठी होम इक्विटी लोन काढलं तर ते घरावरचंच कर्ज, तिथे हे संरक्षण चालत नाही, सही करण्याआधी दोघांनी बसून नीट विचार करा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

आणखी एक, अप्रेझल डिस्ट्रिक्टला दर पाच वर्षांत एकदा तरी तपासावं लागतं की तुम्ही अजून तिथेच राहता का. त्याचं पत्र मात्र खरं असतं, ते जंक मेल समजून फेकू नका, उत्तर नाही दिलं तर सवलत जाऊ शकते.