प्लॅन वाढवू नका, वायर ओढा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. घरी १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. नातू माडीवरच्या खोलीत पीएस फोरवर फुटबॉलचा गेम ऑनलाइन खेळतो. रात्री आठनंतर मी खाली टीव्हीवर नेटवरून मालिका लावली की वरून ओरडा सुरू होतो, ‘आज्जी, लॅग होतंय, बंद कर ते!’ केबलवाला म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या. हॉलमध्ये मोबाइलवर स्पीड बघितला तर ९५ येतो. वाढीव पैसे भरू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका भरू, बाई. ३०० चा प्लॅन घेतलात तर नव्या गेमचं डाउनलोड लवकर होईल, अपडेट लवकर उतरेल. खेळताना जे अडकतं ते अडकतच राहील. ऑनलाइन सामन्याला साधारण एक एमबीपीएसच्याही आतच लागतं. तुमची मालिका एचडीत चालली तरी पाचेक खाते. दोन्ही मिळून शंभरातले दहासुद्धा होत नाहीत, मग तीनशे घेऊन करायचं काय?

खेळाला लागते ती वेळेवर पोच. नातवानं बटण दाबलं की ती खबर सर्व्हरपर्यंत, म्हणजे सामना चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरपर्यंत, जाऊन उत्तर यायला जो वेळ लागतो, त्याला पोरं पिंग म्हणतात. तो सतत ६० मिलिसेकंद असला तरी हात त्याला सरावतो. पण २०, २०, १८०, २० अशा उड्या मारायला लागला की गोलकीपर जागचा हलत नाही आणि चेंडू जाळ्यात. पोरगं ओरडतं ते या उड्यांमुळे.

आणि तुमच्या मालिकेवरचा त्याचा आरोप अगदीच खोटा नाही, हेही सांगून टाकते. त्याचा पीएस फोर एकदा नीट बघा. कोपरे टोकदार आणि वरच्या बाजूला दिव्याची लांब रेघ असेल तर ते २०१३ मध्ये आलेलं पहिलं मॉडेल. त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय धरता येतं; ५ गिगाहर्ट्झ २०१६ च्या स्लिम आणि प्रोपासून आलं. तुमचा टीव्हीही त्याच २.४ वर असावा असा माझा अंदाज. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात मालिका काही संथ धारेनं येत नाही. टीव्ही काही सेकंदांचा तुकडा एकदम ओढून घेतो, थांबतो, मग पुढचा तुकडा. तुकडा उतरत असतो तेवढा वेळ माडीवरचा पीएस फोर ताटकळतो. प्लॅन कितीही मोठा घ्या, ही रांग तुमच्या घरातल्या हवेतली आहे. तिथे केबलवाल्याचा प्लॅन पोचतच नाही.

म्हणून पहिलं काम अगदी स्वस्तातलं. राउटर हॉलमध्येच आहे ना? मग दोन मीटरची तयार लॅन केबल आणा आणि टीव्ही तारेनं राउटरला जोडा. टीव्ही हवेतून बाजूला झाला की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

एवढ्यानं भागलं नाही तर नातवाला कामाला लावा. त्याच्या खोलीत, पीएस फोरच्या शेजारी लॅपटॉप ठेवायचा, वायफाय २.४ चंच धरायचं आणि दोन ठिकाणी पिंग करायचं, म्हणजे खबर पाठवून उत्तराचा वेळ मोजायचा. आधी तुमच्या स्वतःच्या राउटरला. त्याचा पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ असा. मग बाहेर, म्हणजे ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचं उत्तर चार-पाच मिलिसेकंदांच्या आत आणि एकसारखं यायला हवं. तिथेच आकडे शंभर-दोनशेवर उड्या मारत असतील तर दोष घरातला. राउटरपर्यंत सगळं शांत आणि बाहेरच गोंधळ असेल तर केबलवाल्याला बोलवा, आणि आकड्यांचा फोटो दाखवा. फोटो दाखवला की ‘तुमचा टीव्हीच जुना आहे’ वगैरे सुरू होत नाही.

सांगलीतल्या जुन्या घरांच्या भिंती बघता दोष घरातलाच निघेल, असं मी धरून चालते. त्यावर खरा उपाय माडीपर्यंत तार. पीएस फोरच्या पाठीमागे लॅनचं भोक पहिल्या मॉडेलपासून आहे. कॅट सिक्स केबल घ्या, कॅट फाइव्ह ई मिळाली तरी चालेल. दोन्ही १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेतात, तुम्हाला लागेल पंधरा-वीस मीटर. एक गोष्ट मात्र दुकानातच तपासा. खोक्यावर काहीही छापलेलं असो, आतली एक बारीक तार ब्लेडनं खरवडा. आतपर्यंत तांबूसच राहिली तर तांबं. वरचा मुलामा निघून आत पांढरट, चांदीसारखी दिसली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली. ती ठिसूळ असते, वळणावर तुटते, आणि मग सहा महिन्यांनी ‘कधी चालतं कधी नाही’ असा दुखणाईत प्रकार सुरू होतो. दुकानदार नाराज झाला तर होऊ दे.

जुन्या टेलिफोन लाइनचा पाइप भिंतीत असेल तर त्यातून ओढून घ्या. इलेक्ट्रिशियन म्हणेल, ‘बाई, लाइटच्याच पाइपात टाकतो, काम झटक्यात.’ नाही म्हणा. विजेच्या तारेबरोबर ती एका पाइपात नको. धोकाही आहे आणि सिग्नलमध्ये गडबडही. पाइप नसेल तर जिन्याच्या कडेनं केसिंग पट्टीतून न्या. खिळ्याची क्लिप हातोडीनं ठोकून केबल चेपवू देऊ नका. टोकाच्या पिनमध्ये आठही तारा दाबून बसवल्यात (क्रिंप झाल्यात) का ते बघा. चारच जोडून मोकळे होणारे कारागीर आहेत. चालतं त्यावरही, पण १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही.

वायफाय एक्स्टेंडर कोणी सुचवला तर टाळा. तो त्याच हवेत तेच बोलणं पुन्हा बोलतो. विजेच्या सॉकेटमधून नेट नेणारे ॲडॉप्टरही मिळतात, पण जिथे इन्व्हर्टरचं वायरिंग वेगळं केलेलं असतं अशा घरांत मला त्यांचा अनुभव बरा नाही.

आणि नातवाला एक हिशोब घालून द्या, गणिताच्या बाईंना शोभेल असा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निव्वळ प्रवासाला, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही. सर्व्हर सिंगापूरचा असेल तर पिंग वीस होणार नाही, कितीही पैसे भरा. गेममध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर जवळचा निवडावा.

प्रश्न : ताई, माझा पीएस फाइव्ह नॅट टाइप ३ दाखवतो. मडगावच्या भावाबरोबर खेळताना त्याचा आवाज येत नाही, मी रूम उघडली तर त्याला आत येता येत नाही. व्हिडिओ बघून पोर्ट फॉरवर्डिंग केलं, काही फरक नाही. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नॅट टाइप ३ म्हणजे बाहेरून तुमच्या कन्सोलपर्यंत यायला अडसर. पोर्ट फॉरवर्डिंग करून तुम्ही दार उघडलंत ते फ्लॅटचं, सोसायटीचं गेट दुसऱ्याच्या ताब्यात आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅनचा, म्हणजे नेटकडच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानंही सुरू होत असेल तर कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते मुळात ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे तर एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपले. तेव्हा कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही. ‘पब्लिक आयपी हवाय’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. फोनवरच्या पोरीला कळलं नाही तर ‘स्टॅटिक आयपी’ म्हणा, तो शब्द त्यांच्या यादीत असतो.

वॅनचा आयपी १९२.१६८ नं सुरू होत असेल तर मामला वेगळा आणि फुकटात सुटणारा. कंपनीच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलाय आणि दोघंही राउटरगिरी करतायत. एकाला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल, दुसऱ्यात यूपीएनपी (गेमला लागेल ते पोर्ट आपोआप उघडायची सोय) चालू करा, हातानं उघडलेले पोर्ट काढून टाका.

टाइप २ दिसला की थांबा. टाइप १ म्हणजे मध्ये राउटरच नाही, कन्सोल थेट नेटवर. त्याच्या मागे लागायचं काही कारण नाही.

प्रश्न : गेमिंग राउटर घेऊ का? आणि डीएनएस बदलल्यानं पिंग कमी होतो का? – ठाणे

उत्तर : डीएनएसनं नाही. तो सर्व्हरचा पत्ता शोधून देतो, सामना सुरू झाल्यावर त्याचं काम नसतं. राउटरचे लाल दिवे आणि आठ अँटेना सोडा. त्यात एसक्यूएम नावाची सोय आहे का तेवढं विचारा. घरात कोणाच्या मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की अपलोडची रांग तुंबते आणि गेमची खबर त्या रांगेत मागे उभी राहते. एसक्यूएम तिला पुढे काढतं. वेग मोजून त्याच्या ९० टक्क्यांवर मर्यादा लावायची. ही सोय साध्या राउटरमध्येही मिळते.

प्रश्न : पावसात आमच्याकडे लाइट सारखी जाते. इन्व्हर्टर आहे, तरी राउटर बंद होऊन चालू होतो आणि मॅच जाते. – रत्नागिरी

उत्तर : इन्व्हर्टर लाइट गेल्यावर पकडायला क्षणभर घेतो, तेवढ्यात राउटर झोपतो. बारा व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, तो मध्ये लावा. आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचा, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही द्या. एवढं करूनही लाइट गेल्यावर डब्यावर एलओएसचा, म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नसल्याचा, लाल दिवा लागत असेल तर ऑपरेटरचा मधला स्विच कुठल्या तरी खांबावर नाहीतर गाळ्यात बॅकअपशिवाय बसलाय. मग खर्च तुम्ही करायचा नाही, त्यानं करायचा.